किरणोत्सार सुरक्षेचा कायदा अद्ययावत करायचा म्हणजे नेमके काय बदलायचे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: किरणोत्साराच्या मात्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी दर काही वर्षांनी बदलतात, मग त्या आपल्या देशाच्या कायद्यात लगेच का उतरत नाहीत, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केल्यामुळे २००४ ची किरणोत्सार संरक्षण नियमावली आता मोडीत निघाली असे समजायचे का? मी वकील नाही. आधी रुग्णालयांत आणि पुढे कारखान्यांत विकिरण सुरक्षा अधिकारी, म्हणजे बोलीभाषेत आरएसओ, म्हणून माझी नोकरीची वर्षे गेली आहेत. त्यामुळे हे उत्तर कायदा राबवणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले आहे, हे लक्षात घेऊन वाचावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी देतो. १९६२ चा अणुऊर्जा अधिनियम आणि २०१० चा आण्विक नुकसान दायित्व अधिनियम या दोहोंच्या जागी 'शांती' या लघुनावाचा नवा कायदा आला. मूळ कायदा रद्द झाला की त्याखालचे नियमही गेले, असे अनेकांना वाटते. परंतु १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम २४ नेमके याच प्रसंगासाठी आहे. एखादा कायदा रद्द करून त्याच विषयावर नवा कायदा केला, आणि जुने नियम रद्द केल्याचे नव्यात स्पष्ट सांगितले नसेल, तर जुन्या कायद्याखालचे नियम, आदेश, अधिसूचना आणि परवाने नव्या कायद्याशी विसंगत नसतील तेवढ्या प्रमाणात चालू राहतात. म्हणजे आपल्या रुग्णालयाच्या भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना एका रात्रीत निकामी होत नाही. पण 'विसंगत नसतील तेवढ्या प्रमाणात' या शब्दांतच ग्यानबाची मेख आहे. विसंगती कुठे आहे हे आधी कोणीच ठरवून देत नाही. ते भांडण उभे राहिल्यावर न्यायालयात ठरते. म्हणून नवा कायदा आल्यावर जुन्या नियमावलीचे कलमवार वाचन करून प्रत्येक व्याख्या नव्या व्याख्येशेजारी ठेवून पाहणे, हे अद्ययावतीकरणाचे पहिले आणि सर्वांत कंटाळवाणे काम असते. ते न करता नव्या नियमांचा मसुदा लिहायला बसणारे पुढे हमखास अडचणीत येतात.

आता आकड्यांकडे वळू. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. १९६२ च्या कायद्यात मात्रेची मर्यादा लिहिलेली नव्हती आणि २००४ च्या नियमावलीनेही ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशावर सोपवली. ही उणीव नव्हे, उलट रचनेतला शहाणपणा आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या २०११ च्या निर्देशानुसार किरणोत्साराच्या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसाची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेली मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका वर्षाची कमाल ५० आहे; म्हणजे या एका बाबतीत आपण त्या शिफारशीपेक्षा कडक आहोत. याउलट डोळ्याच्या भिंगाचे पाहा. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने एप्रिल २०११ मध्ये भिंगाची मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून थेट पाच वर्षांच्या सरासरीने २० वर आणायला सांगितले, कारण मोतीबिंदू होण्यासाठी पूर्वी समजत होतो त्यापेक्षा बरीच कमी मात्रा पुरते असे दिसून आले होते. आपल्याकडच्या त्याच वर्षीच्या निर्देशात मात्र १५० हाच आकडा होता. कॅथलॅबमध्ये क्ष-किरणांखाली दिवसाला चार-पाच अँजिओप्लास्टी करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने हा फरक कागदावरचा नाही. शिशाच्या काचेचा चष्मा घालायचा की नाही, ते यावरून ठरते.

पण यावरून 'आपल्याकडेच उशीर होतो' असा निष्कर्ष काढू नये. युरोपीय संघाने हीच भिंगाची मर्यादा २०१३ च्या युरॅटम (युरोपीय अणुऊर्जा समुदाय) निर्देशात घातली, पाच जुने निर्देश एकत्र करून त्यांच्या जागी तो आणला, आणि सदस्य देशांना आपापल्या कायद्यात तो उतरवायला ६ फेब्रुवारी २०१८ पर्यंत मुदत दिली. शिफारस २०११ ची आणि अंमल २०१८ चा. जर्मनीने या निमित्ताने किरणोत्सार संरक्षणाचा स्वतंत्र कायदाच केला. ब्रिटनची नवी विनियमावली १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. सात वर्षे सर्वांनाच लागली, कारण आकडा बदलला की त्याच्यामागे मोजमापाची साधने बदलावी लागतात. छातीवर लावलेल्या मात्रा मोजणाऱ्या बॅजवरून डोळ्याची मात्रा सांगता येत नाही. त्यासाठी डोळ्याजवळ वेगळा मापक लावावा लागतो, तो वाचणारी प्रयोगशाळा लागते, आणि त्या प्रयोगशाळेला मान्यता देणारे कोणीतरी लागते. (रुग्णाला मात्रेची मर्यादा लागू नसते, हेही इथेच सांगून टाकतो. तिथे 'ही तपासणी खरोखर हवी का' आणि 'हवी तर कमीत कमी किती मात्रेत होईल' हे दोनच निकष आहेत. मर्यादा असती तर कर्करोगावरची किरणोपचार पद्धतीच बेकायदा ठरली असती.)

तेव्हा आकडा बदलायला एक आदेश पुरतो. तो आदेश पाळला जातो का हे पाहणाऱ्याचा अधिकार, त्याचे स्वातंत्र्य, आणि न पाळणाऱ्याला होणारी शिक्षा या तीन गोष्टी मात्र कायद्यातूनच याव्या लागतात. 'कायदा अद्ययावत करा' असे म्हणणाऱ्यांचे लक्ष बहुधा आकड्यांवर असते, आणि माझ्या अनुभवाने खरी झीज या तीन ठिकाणी झालेली असते.

एक प्रसंग सांगतो. तालुक्याच्या गावातल्या एका अस्थिरोग रुग्णालयात मी सल्लागार म्हणून जात असे. तिथल्या सी-आर्म यंत्राखाली (शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरणांनी हाड दाखवणारे यंत्र) रोज शस्त्रक्रिया चालत आणि तरीही मुख्य शल्यचिकित्सकांच्या टीएलडी बॅजचा (तोच मात्रा मोजणारा बॅज) अहवाल दर तिमाहीला शून्य येत असे. जास्त मात्रा दिसली की सगळे घाबरतात. मी शून्य दिसले की घाबरतो. शोध घेतल्यावर बॅज सापडला तो एप्रन टांगण्याच्या खुंटीवर, प्लास्टिकच्या वेष्टनातून अद्याप न काढलेला. शेजारी टांगलेला शिशाचा एप्रन मधोमध घडी घालून घालून तडकला होता. डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, "अहो, अहवालात काही येत नाही म्हणजे सुरक्षितच आहे ना?" इथे मात्रेची मर्यादा २० असो की १०, काय फरक पडणार होता? नियमात बॅज वापरण्याचे बंधन होते, मालकाची जबाबदारी होती, माझी जबाबदारीही लिहिलेली होती. उल्लंघनाची किंमत मात्र कोणालाही जाणवत नव्हती.

ती किंमत किती होती? १९६२ च्या कायद्याने त्याखालच्या नियमांच्या उल्लंघनाला नियमांतून जास्तीत जास्त ५०० रुपये दंड ठरवण्याची मुभा दिली होती. १९६२ साली ती रक्कम मोठी असेल. नंतर कायद्यात इतर दुरुस्त्या झाल्या तरी ती रक्कम तशीच राहिली. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये नियामक मंडळाच्या कामाची तपासणी केली तेव्हा हा दंड धाक बसण्याइतका नाही आणि तो किती असावा हे ठरवण्यात मंडळाला काही स्थान नाही, असे स्पष्ट लिहिले. त्याच अहवालात देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी ५२,१७३, म्हणजे शंभरातली एक्याण्णव, नोंदणीविना चालत असल्याचे नोंदवले होते. राज्यांनी किरणोत्सार सुरक्षा संचालनालये स्थापन करावीत असे ठरलेले असूनही जुलै २०१२ पर्यंत ती फक्त केरळ आणि मिझोराममध्ये होती. महाराष्ट्रात, जिथे मंडळाचे मुख्यालयच आहे, तिथे नव्हती. पुढे परवान्यांची ई-लोरा ही ऑनलाइन प्रणाली आली आणि नोंदणीचे काम बरेच सुकर झाले, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण नोंदणी आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली संगणकावर होते, दुसरीसाठी माणूस गाडीत बसून जावा लागतो.

दंडाची रक्कम नव्या कायद्याने पाचशेतून उचलून लाखा-कोटींच्या घरात नेली, हे चांगले झाले. तरी एक धोका सांगतो. दंड एकदम मोठा झाला की तपासनीस तो लावायला कचरतो, आणि छोट्या क्ष-किरण केंद्राला समज देऊन सोडण्याची सवय तशीच राहते. म्हणून नियमांत पायऱ्या हव्यात: नोटीस, मुदत, यंत्राला सील, लहान दंड, मोठा दंड, खटला. कोणत्या चुकीला कोणती पायरी हे आधीच छापलेले असले की तपासनिसालाही बळ येते आणि मनमानीचीही भीती राहत नाही.

आता स्वातंत्र्याचा मुद्दा. तो जास्त अवघड आहे आणि जास्त जुनाही. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले ते संसदेच्या कायद्याने नव्हे. १९६२ च्या कायद्यातील अधिकार सोपवण्याच्या कलमाखाली काढलेल्या सरकारी आदेशाने. मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, आणि आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव. म्हणजे अणुभट्ट्या बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या विभागाचेच प्रमुख. अशा रचनेत काम करणाऱ्या व्यक्ती कितीही सचोटीच्या असल्या तरी रचनेचा दोष उरतोच. आदेशाने जे मिळते ते आदेशाने जाते. २००० साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधा मंडळाच्या देखरेखीतून बाहेर काढल्या गेल्या आणि त्यांची सुरक्षा तपासणी केंद्राच्या अंतर्गत यंत्रणेकडे गेली. नियामक भवन अणुशक्तीनगरात, केंद्र शेजारी ट्रॉम्बेत. मधले अंतर रिक्षाच्या भाड्याएवढे. पण एका आदेशाने ते ओलांडण्याचा अधिकार संपला. मंडळाला कायद्याचा पाया असता तर हेच करायला संसदेत जावे लागले असते आणि निदान चर्चा तरी झाली असती.

फुकुशिमानंतर ही दुरुस्ती होईल असे वाटले होते. जपानने स्वतःचा दोष ओळखला: तिथली सुरक्षा यंत्रणा अणुऊर्जेला चालना देणाऱ्या अर्थ-उद्योग मंत्रालयाच्याच पोटात होती. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी स्वतंत्र नियमन प्राधिकरण उभे केले आणि जुन्या अणुभट्ट्यांनाही नवे निकष लागू करण्याचा अधिकार कायद्यात घातला. जुन्या भट्ट्यांच्या या तरतुदीकडे फारसे कोणी पाहत नाही, पण १९६९ पासूनच्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या ज्यांच्या जिल्ह्यात आहेत त्यांनी तिचे महत्त्व ओळखायला हवे. आपल्याकडे ७ सप्टेंबर २०११ रोजी आण्विक सुरक्षा नियामक प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले, आणि २०१४ मध्ये पंधराव्या लोकसभेबरोबर व्यपगत, म्हणजे आपोआप बाद, झाले. मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञ पथकाने आपल्या नियमन व्यवस्थेचे परीक्षण केले. मंडळाच्या कामाची वाखाणणी करतानाच त्याचे स्वातंत्र्य कायद्यात पक्के करावे असे त्यांनी सुचवले. ते घडायला दहा वर्षे लागली. डिसेंबर २०२५ च्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला.

वैधानिक दर्जा म्हणजे स्वातंत्र्य, असे मात्र मी म्हणणार नाही. कायद्याची प्रत हातात घेतल्यावर मी तीन ठिकाणे आधी उघडतो. अध्यक्ष निवडणारी समिती कोण नेमते? मंडळाचा पैसा कोणाच्या अंदाजपत्रकातून येतो? आणि तपासणी अहवाल प्रसिद्ध करण्याचा अधिकार मंडळाच्या स्वतःच्या हाती आहे, की गोपनीयतेचे एखादे कलम त्याच्या डोक्यावर बसवले आहे? १९६२ च्या कायद्याची मुळे गुप्ततेत होती, आणि त्या काळात ते समजण्यासारखे होते. पण दंतवैद्याच्या क्ष-किरण यंत्राला आणि अण्वस्त्रांच्या कारखान्याला एकच गोपनीयता लागू करण्यात अर्थ नाही. शिवाय आता खासगी कंपन्याही अणुवीज केंद्रे चालवू शकणार आहेत, आणि सदोष सामग्रीबद्दल पुरवठादाराकडून भरपाई वसूल करण्याचा २०१० च्या कायद्यातला आधार नव्या कायद्यात राहिलेला नाही. दायित्वाची, म्हणजे अपघात झाल्यास केंद्र चालवणाऱ्याने द्यायच्या भरपाईची, कमाल रक्कम मोठ्या केंद्रांसाठी १,५०० कोटींवरून ३,००० कोटींवर नेली, लहान केंद्रांसाठी ती बरीच खाली ठेवली. दायित्वाचा विषय स्वतंत्र उत्तराचा आहे. इथे एवढेच म्हणतो की भरपाईच्या खटल्याची भीती जिथे कमी केली, तिथे तपासनिसाची भीती वाढवावी लागते.

आणि आता त्या गोष्टीकडे येतो जिने मला सर्वांत जास्त रात्री जागवल्या आहेत: वापरातून गेलेले किरणोत्सारी स्रोत. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात किरणोत्सारी कोबाल्ट-६० सापडले. दिल्ली विद्यापीठातले एक जुने गॅमा उपकरण १९८५ पासून पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते इतर सामानाबरोबर लिलावात विकले गेले, भंगारवाल्यांनी फोडले, अनेक जण भाजले आणि एक कामगार दगावला. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य, म्हणजे तीव्रता निम्मी व्हायला लागणारा काळ, ५.२७ वर्षे. म्हणजे वापर थांबल्यानंतरच्या पंचवीस वर्षांत त्याची तीव्रता सत्तावीसाव्या भागावर आली होती, आणि ती उरलेली तीव्रताही माणूस मारायला पुरली. किरणोत्साराचे तीन पाकळ्यांचे ते चिन्ह भंगारवाल्याला पंख्याचे वाटले तरी त्याला दोष देता येत नाही. त्याच कारणाने २००७ मध्ये धोकादायक स्रोतांसाठी कवटी आणि पळणारा माणूस दाखवणारे लाल त्रिकोणी चिन्ह आंतरराष्ट्रीय पातळीवर आणले गेले. पण जुन्या उपकरणांवर ते कोण लावणार?

मायापुरीच्या वेळी २००४ ची नियमावली लागू होती. परवाना, नोंद, स्रोत परत करणे, सगळे तिच्यात होते. नव्हते ते एवढेच, की पंचवीस वर्षे वापर नाही, निवृत्त प्राध्यापकांना ठाऊक होते पण नव्यांना नाही, अशा स्थितीत घंटा कोण वाजवणार. महालेखापरीक्षकांच्या अहवालात दिसते की अणुकेंद्रे मोडीत काढण्यासाठी राखीव निधी ठेवण्याबाबत १९६२ च्या कायद्यातही आणि त्याखालच्या नियमांतही तरतूद नव्हती. स्रोत विकत घेतानाच त्याच्या विल्हेवाटीचा खर्च ठेव म्हणून घ्यावा, दरवर्षी साठ्याचे प्रत्यक्ष दर्शन छायाचित्रासह कळवावे, आणि दोन वर्षे वापर नसेल तर परतीची कार्यवाही आपोआप सुरू व्हावी, एवढे तीन नियम असते तर ते उपकरण लिलावाच्या यादीत आलेच नसते. नव्या नियमावलीत मला सर्वांत आधी हेच पाहायचे आहे.

याच्यालगतचे एक भोक अजून कोणाच्या नजरेत भरत नाही, ते दिवाळखोरीचे. काही वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका कागद कारखान्यात मला बोलावणे आले. कारखाना परिसमापकाच्या (दिवाळखोर कंपनीची मालमत्ता विकून देणी फेडणारा) ताब्यात होता, कामगार गेलेले, पूर्वीचे आरएसओ दुसऱ्या राज्यात. पल्पच्या टाकीवर पातळी मोजणारे एक जुने सिझियम-१३७ चे गेज होते. अर्धायुष्य तीस वर्षे, म्हणजे जोर बऱ्यापैकी शाबूत. लिलावाच्या यादीत मला त्याची ओळ सापडली: 'लोखंडी डबा, जड, आत शिसे असण्याची शक्यता, १ नग.' शिशाला भाव चांगला येतो, हे यादी करणाऱ्याने बरोबर हेरले होते. माझ्या किरणोत्सार मोजणाऱ्या सर्व्हे मीटरने टाकीच्या बाजूला गेल्यावर कटकट सुरू केली तेव्हा माझ्याबरोबर आलेला कारकून दोन पावले मागे सरकला आणि म्हणाला, "साहेब, हे विकायचं नाही का मग?"

नाही, विकायचे नाही. पण मग करायचे काय? परवाना कंपनीच्या नावावर, कंपनी कायद्याने जिवंत पण हात-पाय बांधलेली. परिसमापक म्हणतात, माझ्याकडे परवाना नाही, मी हात लावणार नाही, आणि त्यांचे म्हणणे नियमाने चूक नाही. परत नेण्याचा खर्च कोणी द्यायचा, हे ठरवायला बँकांची समिती बसणार. कारखाने दिवाळखोरीच्या संहितेखाली २०१६ पासून जात आहेत, आणि किरणोत्सार सुरक्षेच्या नियमांना ती संहिता ठाऊकच नाही, अशी ही गत. मसुदा माझ्या हाती असता तर मी एक वाक्य घातले असते: परवानाधारकाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात जाईल, त्याच्यावर त्या क्षणापासून स्रोताच्या रखवालीची जबाबदारी येईल, आणि विल्हेवाटीचा खर्च बँकांच्या कर्जाआधी फेडला जाईल. नव्या नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला तर आपण आणखी काही लिहिले नाही तरी एवढे जरूर लिहावे. कलमाचा क्रमांक आणि आपल्याला हवा तो नेमका शब्दपाठ देऊन लिहावे, कारण नुसती तक्रार लिहिली तर ती वाचून बाजूला ठेवली जाते आणि तयार वाक्य दिले तर कधी कधी ते जसेच्या तसे उचलले जाते.

त्या कारखान्यातले गेज शेवटी रीतसर परवानगीने पुरवठादाराकडे गेले. तोवर चौदा महिने ते कुलूपबंद खोलीत होते. किल्ली दिवसा कारकुनाच्या टेबलाच्या खणात आणि रात्री पहारेकऱ्याच्या कनवटीला. ती किल्ली कायद्याने कोणाकडे असायला हवी, हे मी नियमावलीत तेव्हा बराच वेळ शोधले, आणि मला सापडले नाही.